घेतलेला श्वास

१

कोणी तुम्हाला प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी समोर थांबून राहिला, तर त्या माणसाला किती काळ तसेच उभे ठेवण्याची तुमची तयारी आहे? विचार करून सांगा. दौलत परब याने विचार केला नव्हता.

मी तेव्हा गिरगावात म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी रामरक्षा म्हणावी, मुलांना शुद्ध लिहायला शिकवावे आणि खोटे बोलू नये, एवढाच माझा धर्म. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. जे कानांनी ऐकले आणि एकदाच, क्षणभर, डोळ्यांनी पाहिले, तेवढे सांगतो.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर माझे बिऱ्हाड होते. शेजारच्या खोलीत दौलत एकटा राहत असे. तो चित्रकार होता. वडील गिरणीत खपून गेले होते, आई डिलाईल रोडला. आर्ट स्कूलमधून शिकून आला होता आणि कॅलेंडरांसाठी देवादिकांची चित्रे काढून पोट भरीत होता. त्याने काढलेले दत्तगुरू माझ्या देव्हाऱ्यावर होते. डोळ्यांत करुणा उतरली होती त्यांच्या. त्याच्या हातात गुण होता, हे आधीच नमूद करून ठेवतो.

दोघांच्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. त्याच्या सुरीने कॅनव्हासवरचा रंग खरवडला, तरी मला ऐकू येई. मागची खिडकी घरगल्लीवर उघडे आणि गल्लीपलीकडे ख्रिस्ती वाडीतले ॲम्ब्रोजचे लाकडी घर होते. अंतर इतके कमी, की हात लांब केला तर साखरेची वाटी देता येई. ॲम्ब्रोज फोर्टातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवी. रात्री हॉटेल, सकाळी झोप, आणि दुपारी चार वाजता खिडकीशी बसून सराव.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून रस्त्यात माणसे पडू लागली. गोळीबार झाला, संचारबंदी लागली. हॉटेले बंद, छापखाने बंद. ॲम्ब्रोजला वाजवायला जाता येईना, दौलतला कॅलेंडरांचे काम येईना. दोघे आपापल्या खिडकीत अडकले. तेथून हे सुरू झाले.

२

ॲम्ब्रोज एक ओळ वाजवी आणि थांबे. त्या थांबण्यात दौलत कॅनव्हासवर एक फटकारा मारी. मग पुन्हा ओळ, पुन्हा थांबणे, पुन्हा फटकारा. भिंतीपलीकडे मी वह्या तपाशीत बसलेलो असे. कानांना त्याची सवय होऊन गेली.

"मास्तर, हे नाचगाणं नाय," ॲम्ब्रोज एकदा खिडकीतून मला म्हणाला. "नाचायचं ते हाटेलात, पोटासाठी. हे ब्लूज. तिकडे अमेरिकेत शेतात राबणारे गुलाम लोक, त्यांचं. एकानं ओळ टाकायची आणि गप व्हायचं. दुसऱ्यानं उचलायची. तुमच्या तमाशात सवाल-जवाब नाय का?"

"मी तमाशाला जात नाही."

"मग भजनात तरी?"

भजनात असते, हे मला मान्य करावे लागले. तो खूश होऊन हसला.

"आणि दुसरा नसला तर?" मी विचारले.

"तर मोकळी जागाच वाजते, मास्तर. पण समोर दुसरा असला आणि त्यानं ओळ टाकली, तर आपल्याला गप बसता येत नाय. हा बाजाच बसू देत नाय. ओठ आपोआप उचलतात."

दौलतच्या चित्रांतून देव गेले, माणसे गेली. उरले ते काळ्या जमिनीवरचे निळे पट्टे आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा. माझी पत्नी कालिंदी एकदा दारातून डोकावली.

"भावोजी, भिंतीला ओल आली म्हणून उतरवून ठेवलंय होय हे?"

"वहिनी, ओल नाही. आवाज आहे."

"अगंबाई! मग डोळे मिटून बघू की कान धरून?"

तो हसला, पण नजर खिडकीवरून हलली नाही. चार वाजत आले होते.

त्याने कॅलेंडरांचे काम सोडले. आईकडे जाणे सोडले. चळवळीच्या समितीची मुले फलक रंगवून मागायला आली, तेव्हा "चारच्या आत या, नंतर मी कोणाचा नाही" असे सांगून त्याने त्यांना परत पाठवले. त्याची कीर्ती मात्र वाढली. गाड्यांतून माणसे येऊन जिना चढू लागली. फोर्टातल्या एका दालनात ईस्टरनंतर आठवडाभराने त्याचे प्रदर्शन ठरले.

परदेशी संगीत ऐकणे पाप आहे असे मी मानत नाही. देवाविना चित्र काढणे हेही पाप नव्हे. परंतु दुसऱ्याच्या छातीतल्या वाऱ्यावर आपली चूल पेटवायची सवय लागली, की ती छाती माणसाची आहे हे विसरायला होते.

३

फेब्रुवारीच्या अखेरीस ॲम्ब्रोज खोकू लागला. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला आणि फुंकायला बंदी केली. एक सूरही नाही, असे बजावले. फुप्फुस फाटेल.

त्याची बायको पॉलीन आमच्या चाळीत आली. दौलतच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. आम्ही दोघे नवरा-बायको गॅलरीत होतो.

"दौलत, तुला ठाऊक हाय ना डॉक्टर काय बोलला?"

"हो पॉलीनबाई."

"तो बाहेरच्यांना नाय म्हणेल. हाटेलवाल्याला म्हणाला. तुला नाय म्हणायचा नाय. म्हणून तुझ्याकडे आले. तू मागू नको."

"नाही मागणार."

"आयची शपथ घे. तोंडातून शब्द काढणार नाय म्हण."

"आईची शपथ. तोंडातून शब्द काढणार नाही."

पॉलीनने ट्रम्पेट जांभळ्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. त्यांचे उपवासाचे दिवस चालू होते. त्या दिवसांच्या शेवटी चर्चमधल्या मूर्तीही अशाच जांभळ्या कापडाने झाकतात, असे तिने कालिंदीला सांगितले. गुड फ्रायडेला तर घंटासुद्धा वाजवीत नाहीत. तिच्याऐवजी लाकडी खटखटा फिरवतात. त्या दिवशी वाद्याला हात लावणे मोठे पाप.

दौलतची सगळी चित्रे झाली होती, एक सोडून. सर्वांत मोठे, पुरुषभर उंचीचे. दालनाच्या दर्शनी भिंतीवर तेच लागायचे होते. त्याच्या मधोमध मोकळी जागा राहिली होती. चार वाजता तो त्याच्यासमोर उभा राही आणि मला पलीकडून काहीच ऐकू येत नसे. पंधरवडाभर ते काहीच-न-येणे मी ऐकले.

४

गुड फ्रायडेला शाळेला सुट्टी होती. मी सहकुटुंब प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला गेलो होतो. परतलो तेव्हा वाडीत माणसे जमली होती. गल्लीतून लाकडी खटखट्याचा आवाज येत होता. कोरडा, हाडावर हाड आपटल्यासारखा.

ॲम्ब्रोज खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मांडीवर ट्रम्पेट. ट्रम्पेटच्या तोंडात हातरुमाल कोंबलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. सदऱ्याच्या पुढच्या बाजूकडे मी दुसऱ्यांदा पाहिले नाही. पॉलीन चर्चमधून आली तेव्हा सारे संपले होते.

समोरची दौलतची खिडकी बंद होती.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्रोजला नेले. घंटा वाजवायची नसल्यामुळे पुढे एक मनुष्य खटखटा फिरवीत चालला. दौलत आला होता. त्याच्या अंगठ्याच्या नखात ताजा निळा रंग होता. परतताना पॉलीन सर्वांसमोर म्हणाली, "बाजा ट्रंकेत होता. चावी भिंतीवरच्या तस्बिरीमागे होती. आपल्या मनानं तो उठला नसता. कोणी मागितलं त्याच्याकडे?"

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. दौलतने तो अंगठा मुठीत दडवला.

५

सकाळची शाळा असल्यामुळे दुपारी मी घरी असे. ईस्टरनंतरच्या सोमवारी चार वाजता भिंतीपलीकडे कामाला सुरुवात झाली. फटकारा. थांबणे. फटकारा. थांबणे.

सवयीने हात तसा चालत असणार, असे मी मनाशी म्हटले. वह्या पुढे ओढल्या. थोड्या वेळाने लक्षात आले, की काहीतरी उलटे झाले आहे. पूर्वी आधी ट्रम्पेट वाजे, मग कुंचला चाले. आता कुंचला आधी चालत होता आणि मग तो थांबत होता. उत्तर द्यायचे सोडून तो विचारीत होता.

मी कान दिला. मी तो द्यायला नको होता.

फटकारा. थांबणे. आणि त्या थांबण्यात कोणीतरी श्वास आत घेतला.

तुतारी फुंकणारा फुंकण्यापूर्वी घेतो तसा. नाकातून नव्हे, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांतून, खोल, पोटापर्यंत. ॲम्ब्रोजचा तो श्वास मी कित्येक दुपारी ऐकला होता. त्याच्यामागून सूर येत असे. आता सूर आला नाही. घेतलेला श्वास बाहेरही आला नाही. नुसता आत गेला.

समुद्रावरचा वारा घरगल्लीत शिरला की पन्हाळीत आवाज होतो. दौलतला दमा असेल. फळ्यांना भेगा होत्या. ही सर्व कारणे मी एकामागून एक मांडली आणि प्रत्येक पटण्याजोगे होते. तेवढ्यात कालिंदी स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून म्हणाली, "अहो, कोण आलंय हो भावोजींकडे?"

"कोणी नाही."

"मग दम कोण खातंय?"

मी वही मिटली.

६

मंगळवारी दुपारी मी त्याचे दार ठोठावले. त्याने उघडले. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. खिडकी बंदच होती. उन्हाच्या दिवसांत ती खोली ओलसर गार होती आणि टर्पेंटाइनच्या वासाखाली दुसरा एक वास होता. पितळ ओठांना बराच वेळ लावून ठेवले म्हणजे येतो तसा.

मोठे चित्र भिंतीला टेकवलेले होते. मधली जागा अजून मोकळी होती.

"रंग टिकत नाही तिथं," तो म्हणाला. "लावतो आणि सकाळी बघावं तर कोरं. आत ओढून घेतल्यासारखं."

"दौलत, त्या दिवशी तू काय केलेस?"

"मी काही मागितलं नाही."

"ते विचारले नाही. काय केलेस?"

तो खाटेवर बसला. हात गुडघ्यांत घातले. "पॉलीनबाई चर्चला गेल्या होत्या. तो खिडकीत बसला होता. नुसता. माझ्याकडे बघून हसला. मी चित्र खिडकीसमोर ओढलं. त्याला दिसेल असं. एक फटकारा मारला. आणि थांबलो."

"मग?"

"थांबलो, मास्तर. एवढंच. एक शब्द बोललो नाही. त्यानं मान हलवली, नको म्हणून. मी थांबून राहिलो. तो उठून आत गेला. तस्बीर हलल्याचा आवाज आला. मला कळलं तो चावी घेतोय. मी थांबूनच राहिलो."

"तुला ठाऊक होते तो गप बसू शकत नाही."

"शपथ मोडलेली नाही मी."

"शपथ जिभेपुरतीच राहिली, दौलत. उठ. समोर जा आणि तिला सांग."

"प्रदर्शनानंतर सांगतो. शनिवारी चित्रं जायचीत. आता हे बाहेर आलं तर त्या निळ्या रंगाकडे कोण बघेल? सगळे म्हणतील, माणूस मारून—"

तो बोलत असतानाच तो श्वास आला. दौलत बोलत होता, म्हणजे तो दौलतचा नव्हता. मी तर माझा रोखून धरला होता. चित्राच्या लाकडी चौकटीतून बारीक करकर झाली. कॅनव्हास मागच्या बाजूला ओढला गेला होता. भिंतीकडे, मधोमध, पेलाभर खोल. मग पुन्हा सपाट झाला.

"वारा," दौलत म्हणाला.

खिडकी बंद होती. त्यालाही ते माहीत होते.

७

मी स्वतः पॉलीनकडे गेलो. खोटे बोलू नये, तसे सत्य दडवूही नये. ती तांदूळ निवडत होती. दौलतचे नाव माझ्या तोंडून निघताच तिने हात वर केला.

"मास्तर, तुम्ही होतात तिथं?"

"नव्हतो."

"मग तुम्ही नका सांगू. ऐकलेलं मला नको. पाद्रीबाबा म्हणाले, शुक्रवारी हातात बाजा असताना मेला, पापाची कबुली न देता मेला. मी रोज देवळात माझ्या नवऱ्याला पापी म्हणून उभा करते. कोणी मागितलं असलं, तर ते पाप त्याच्या एकट्याचं नाय. एवढं मला त्याच माणसाच्या तोंडून ऐकायचंय, म्हणजे मी देवाला बजावून सांगीन. तुमच्या सांगण्यानं ॲम्ब्रोजचं ओझं हलायचं नाय."

"तो प्रदर्शनानंतर येईन म्हणतो. चित्रे शनिवारी जायची आहेत."

"मी शनिवारीच येते."

शनिवारी सकाळी हातगाडी खाली उभी होती. हमालांनी लहान चित्रे उतरवली. मोठ्याला हात लावून ते परत फिरले. "सायेब, याला मागून कोण धरून ऱ्हायलाय? हलत नाय," एक जण म्हणाला आणि दोघे बिडी ओढायला खाली गेले.

पॉलीन आली. काळे कपडे, हातात जपमाळ. या खेपेस ती आत गेली. तिने मला उंबऱ्यात उभे राहायला सांगितले होते, म्हणून मी तेथे होतो.

"दौलत," ती शांतपणे म्हणाली, "कोणी मागितलं?"

आणि ती थांबली.

दौलत चित्राला पाठ करून उभा होता. खालून हमालांचे हसणे ऐकू येत होते, मग तेही येईनासे झाले. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. नुसती उभी राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटत आल्यासारखे मला दिसले. ओठ हलले. मी मनात म्हटले, बोल. देवा, याला बोलू दे.

तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी काही मागितलं नाही."

त्याच्या पाठीमागे श्वास आत जाऊ लागला.

तो संपेना. चौकटीचे लाकूड वाकले. कडेचे बारीक खिळे एकेक उपटून जमिनीवर पडले. मोकळी जागा मागे, मागे ओढली गेली आणि त्या निळ्यामध्ये दोन गाल खोल गेलेले मला दिसले. मधे काळे, गोल, ओठांएवढे काही होते. मी मान खाली घातली. त्याहून अधिक मी पाहिले नाही आणि पाहिले असते तरी सांगितले नसते.

कापड वरपासून खालपर्यंत फाटले. नंतर खोलीत एकदम उकाडा झाला.

पॉलीनने क्रूसाची खूण केली. तिला काय दिसले ते तिने कधी सांगितले नाही. तिची नजर दौलतवरून हलली नव्हती.

"तू सांगणार होतास, दौलत. आता खरं सांग."

त्याने तोंड उघडले. त्याला या वेळी खरेच सांगायचे होते, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. वारा त्याच्या तोंडात शिरला. बाहेर काही आले नाही.

८

डॉक्टरांना त्याच्या घशात दोष सापडला नाही. जीभ हलत होती, श्वास चालत होता. बोलायला म्हणून तोंड उघडले, की मात्र वारा नुसता आत जाई, आणि तोंड मिटल्यावरच हळूहळू नाकावाटे परत येई. मी माझी पाटी नेऊन दिली, म्हटले लिहून दे. त्याने लेखणी उचलली. ती पाटीपासून बोटभर अंतरावर थांबली आणि तशीच राहिली. कसली तरी वाट पाहत असल्यासारखा त्याचा हात अधांतरी असे, घाम येऊन गळून पडेपर्यंत. कुंचल्याचेही तेच झाले.

प्रदर्शन झाले. राहिलेली चित्रे विकली गेली म्हणतात. आई कौसल्याबाई त्याला डिलाईल रोडला घेऊन गेली. तिथून तो दर शुक्रवारी गिरगावात पायी येई. पॉलीनचा जिना चढून दारात उभा राही. ती स्टूल पुढे करी, समोर बसे, जपमाळ मांडीवर ठेवी.

"बोल," ती म्हणे.

तो तोंड उघडे. ती बराच वेळ बसून राही. मग उठून म्हणे, "पुढच्या शुक्रवारी ये." तिने त्याला कधी शिवी दिली नाही आणि कधी माफही केले नाही. माफ काय करायचे, ते त्याने सांगितलेच नव्हते.

चार वर्षे असे चालले. साठ सालच्या मे महिन्यात मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. गिरगावात तोरणे लागली, रात्रभर जयघोष झाला. त्याच वर्षी श्रावणात एका शुक्रवारी तो पॉलीनच्या दारात बसला होता. तिने "बोल" म्हटले. त्याने तोंड उघडले आणि श्वास घेतला. तो घेतच राहिला. पॉलीन मला सांगत होती, की त्याचे डोळे तिच्यावर होते आणि ते विनवीत होते.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितले, की छाती काठोकाठ भरलेली होती. त्याने श्वास घेतला होता, तो सोडला नव्हता. कबुली त्या श्वासातच होती. ती तशीच आत घेऊन तो चितेवर गेला.